करवतीवरचा पेला

आमच्या मोहिमेत नक्की करायचं काय, हे सासूबाईंनी मला तीनदा विचारलं आणि मी तीनदा सांगितलं. नवे ऑल-टेरेन टायर एका दणकट गाडीला लावायचे, लोखंडी पुलापासून दगडांच्या पठारावरून चाळीस किलोमीटर चढून शिखरावरच्या हवामान केंद्रापर्यंत जायचं, दुसऱ्या दिवशी परत यायचं, आणि बसणाऱ्याला किती हिसके बसले ते लिहून आणायचं. बसणारी मी.

"म्हणजे तुला बसायचा पगार मिळतो," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या नऊ महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन दारात उभ्या राहिल्या. लेक मजेत होती. रडू मला येत होतं. बाळंतपणानंतर तिला सोडून पहिल्यांदाच रात्रभर बाहेर राहणार होते.

टायर कारखान्याच्या चाचणी विभागात मला सहा वर्षं झाली. तिथे यंत्रं पुष्कळ आहेत, पण कंबरेतून मानेपर्यंत चढत जाणारा हिसका माणसालाच कळतो, आणि त्यावरून मी एक ते दहा गुण देते, हिसका जितका कमी तितके गुण जास्त. डोळे बांधून बसवलं तरी टायरमध्ये दोन पौंड हवा कमी आहे की जास्त, हे मी सांगू शकते. विभागात मला 'पेला' म्हणतात. माझ्यासमोर डॅशबोर्डवर एका कड्यात स्टीलचा पेला अडकवलेला असतो, काठापासून दोन बोटं खाली पाण्यानं भरलेला. पाणी सांडलं की कागदावर खूण करायची. इतकी साधी, इतकी जुनी रीत.

गाडी वस्तादांच्या हातात होती. साठीला टेकलेला माणूस. तीस वर्षं चाचणीच्या गाड्या चालवलेल्या, आणि एवढ्या काळात कुणी पुढे उभं राहून हातानं वाट दाखवलेली त्यांना चालायची नाही. "मला दिसतंय. तू बाजूला हो," एवढंच म्हणायचे. तिसरा इंजिनिअर. हे टायर त्यानं आखलेले. त्याची दोन वर्षं त्यात गेली होती, आणि सोमवारच्या बैठकीत त्याचा टायर बाजारात आणायचा की दुसऱ्या गटाचा, हे आमच्या कागदावर ठरणार होतं. पोरीला पहिल्या दिवशी शाळेत सोडायला आलेल्या बापासारखा तो गाडीभोवती घुटमळत होता.

आता आमच्या विभागाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. चाचणीच्या टायरमध्ये पस्तीस पौंड हवा भरतात आणि वाटेत तिच्याशी कुणी खेळू नये म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हवर तार ओवून शिशाचं सील ठोकतात. सील फुटलं की चाचणी रद्द. आणि हवेला हात लावायचाच नाही, तर पंप हवा कशाला? या विचारानं पंप आणि हवा मोजायचं मीटर आम्ही कारखान्यातच ठेवून निघायचो. मोहच नको! इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. आम्हाला ती रीत फार शहाणपणाची वाटायची.

पूल ओलांडून तीन किलोमीटर गेलं की करवत लागते. काळ्या दगडाच्या पातळ चिपा जमिनीतून उभ्या वर आलेल्या, कुठे वीतभर, कुठे हातभर, आणि त्यांच्यामधून सहाशे पावलांची वाट. चांगल्या चांगल्या टायरांची इथे आतडी बाहेर आली आहेत. आम्ही सकाळी सातला तिथून गेलो. वस्तादांनी ओठ दातांत धरून गाडी काढली. पलीकडे इंजिनिअर उतरला, चारही टायरांच्या बाजू, ज्यांना आम्ही गाल म्हणतो, हातानं चाचपून आला. ओरखडाही नव्हता. गाल मी दुप्पट जाड ठेवलेत, तो तीनतीनदा सांगत होता.

मग त्यानं माझा कागद पाहिला.

"ताई, चार?"

"चार. दाढेतलं सिमेंट हललं माझ्या."

वस्ताद म्हणाले, टायर कुठले, दगडाला दगड बांधून आणलेत. इंजिनिअरनं कागद मला परत दिला. दणकटपणा आणि मऊपणा एका टायरमध्ये सुखानं नांदत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतंच. जाड गाल कापला जात नाही, पण तो दबतही नाही, आणि दगडाचा दणका जसाच्या तसा आत पोचवतो. पुढे सुक्या तळ्याच्या वाळूत मी सहा दिले. त्यानंतर पन्हळी पत्र्यासारखी, बारीक उंचवट्यांची पंचवीस किलोमीटर वाट. तिथे माझा पदर ओला झाला, आणि तो पेल्यातल्या पाण्यानं नाही. लेकीच्या दुधाची वेळ टळून गेली होती. मी शाल ओढून घेतली आणि तीन गुण लिहिले.

दुपारी बाराला केंद्र दिसलं. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, आणि तारांनी ताणून उभा केलेला वाऱ्याचा खांब. खांबाखाली एक बाई भर उन्हात चादर तंबूसारखी धरून बसली होती. आम्हाला बघून ती उठली नाही. एक हात मात्र वर केला.

चादरीखाली तिचा नवरा होता. हवामानवाले. सकाळी दहाला खांबावरचं वात-कुक्कुट अडकलं म्हणून शिडीवर चढले, आणि शिडीसकट खाली आले. पडल्या जागी उताणे होते. बाईंनी त्यांना तसूभरही हलवलं नव्हतं, मानेच्या दोन्ही बाजूंना पिठाच्या पिशव्या लावून ठेवल्या होत्या. खोलीतून वायरलेसची तार ओढून तिनं ते खोकं शेजारी आणलं होतं.

"वाऱ्याची दिशा बघायला गेले," ती मला म्हणाली. "पायाखालची शिडी नाही बघितली." तिचा आवाज साधा होता, हात मात्र चादर सोडत नव्हते. मी तिला वहिनी म्हणायला कधी लागले, ते आठवत नाही.

वायरलेसवर खालच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सगळं थोडक्यात सांगितलं. वारा वाढतोय, हेलिकॉप्टर उडणार नाही, उद्याही नाही. मानेचं हाड मोडलं असावं. पायाचे अंगठे अजून हलताहेत, पण डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्यात, म्हणजे आत सूज चढतेय. रात्रीच्या आत शस्त्रक्रिया व्हायला हवी. रुग्णवाहिका पुलापर्यंत येईल, त्यापुढे ती चढू शकत नाही.

"तुमच्याकडे गाडी आहे ना?" खोक्यातून आवाज आला. "आणा त्यांना. पण नीट ऐका. मानेला मोठा दणका बसला तर अंगठे थांबतील. ते थांबले तर मी इथे काहीही करू शकणार नाही."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुलापर्यंत चाळीस किलोमीटर, आणि वाटेला मी तीन गुण दिले होते.

खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढलं. त्यावर दोन गाद्या घातल्या. वहिनी, वस्ताद आणि इंजिनिअर एका लयीत, मी डोक्याशी, असं चौघांनी मिळून हवामानवाल्यांना दारावर घेतलं, चादरींनी बांधलं. गाडीचं मागचं बाक काढून दार आत सरकवलं. त्यांचं डोकं मी पुढे घेतलं, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध हिसका सगळ्यात कमी, हे मला माझ्या हाडांनी शिकवलेलं. डोक्याशी मी बसले, दोन्ही तळहात त्यांच्या कानांशी, कोपर मांडीवर टेकवून. पायाशी वहिनी. तिनं त्यांचे मोजे काढून टाकले. पुढे माझ्या जागेवर इंजिनिअर, समोर पेला.

वस्तादांनी गाडी इतक्या अलगद सोडली की क्लच कळला नाही. वीस पावलं गेलो. मुठीएवढा एक दगड चाकाखाली आला.

पेला सांडला. हवामानवाल्यांच्या तोंडून आवाज निघाला, आणि तो ऐकून वस्तादांनी गाडी थांबवली. चाळीस किलोमीटरांत असे दगड किती असतील याचा हिशेब मी करायला गेले आणि मध्येच सोडून दिला.

"अंगठा," वहिनी म्हणाली. अंगठा हलला.

मी म्हटलं, हवा सोडू या.

आम्हा तिघांना सगळं माहीत होतं. सील फुटलं की चाचणी संपली, सोमवार संपला. आणि ते तर काहीच नव्हतं, खरी गोष्ट पुढेच होती. मऊ टायर फुगून बाहेर येतो, त्याचे गाल उघडे पडतात, आणि करवत तर परतीच्या वाटेवर शेवटी आहे.

"सोडलेली हवा परत कुठून आणणार, पोरी?" वस्ताद आरशात बघून म्हणाले. "फुंकर मारून?"

पंप कारखान्यात होता. आमच्या शहाणपणासकट.

इंजिनिअर मागे वळून माझ्या हातांकडे बघत होता. मग त्यानं विचारलं की नऊ-दहा किलोमीटरच्या वेगानं, निम्म्या हवेत, ताई, किती गुण होतील? मी म्हटलं, सात. करवत येईपर्यंत सात. करवतीवर काय होईल ते तूच सांगू शकतोस, टायर तुझा आहे.

तो उतरला. हत्यारांच्या पेटीतून पक्कड काढल्याचा आवाज आला. पहिलं सील तुटलं तेव्हा 'टक्' असा इतका बारीक आवाज झाला की दोन वर्षं एवढ्याशा आवाजात कशी मावली, असं मला वाटून गेलं.

पण मीटर नव्हतं! मग आमची उलटी मापं सुरू झाली. इंजिनिअर वीस आकडे मोजेपर्यंत एकेका चाकातली हवा सोडायचा. वस्ताद त्याच मुठीएवढ्या दगडावरून गाडी इंचाइंचानं पुढे घ्यायचे. मी डोळे मिटून बसायचे, आणि तळहातांतल्या त्या डोक्याला काय कळतंय ते समजून घ्यायचे. पाच. पुन्हा वीस आकडे. साडेपाच. मागचं उजवं जास्त कडक आहे, त्यातली आणखी थोडी सोड. सहा. पेल्यात पाणी पुन्हा भरलं होतं, ते काठापर्यंत चढून परत फिरलं. पुन्हा दहा आकडे. या वेळी चाक दगडावर चढलं आणि दगड जणू टायरात बुडाला. पाणी नुसतं शहारलं.

"सात," मी म्हटलं. "बस कर."

इंजिनिअरनं खाली वाकून पाहिलं. टायरचे गाल बाळाच्या गालांसारखे बाहेर आले होते. त्यानं व्हॉल्व्हची टोपणं घट्ट केली आणि तुटलेली चारही सीलं खिशात टाकली.

दुपारी एकला आम्ही निघालो.

त्या वाटेचं वर्णन करायला फारसं काही नाही, कारण मी बाहेर पाहिलंच नाही. मला दिसत होतं ते एक कपाळ, त्यावरचा घाम, आणि दूर पलीकडे दोन उघडी पावलं. बाहेर वारा वाढत होता, धुळीचे लोट काचेवर आपटत होते. पन्हळी वाट पायाखालून मऊ घरघरत जात होती. दर पाच मिनिटांनी वहिनी म्हणायची, "अंगठा." अंगठा हलायचा. मग पुढची पाच मिनिटं सुरू व्हायची. मध्येमध्ये ती नवऱ्याशी बोलत होती, त्यांनी जागं राहावं म्हणून. छप्पर गळतं ते कधी दुरुस्त करणार, दार तर आता मोडलंच, तेवीस वर्षं उद्याचा वारा सांगता आणि घरातला कधी कळला नाही. ते ओठांच्या कोपऱ्यातून पुटपुटले, की बांधून ठेवल्यावर बरी संधी साधलीस.

माझे हात बधिर होत चालले होते. पण हे धरणं मला नवीन नव्हतं. पहिले चार महिने मी असंच तर धरलं होतं! मोठी माणसं सांगायची, मान सांभाळ, अजून मान धरली नाही तिनं. पाजताना, न्हाऊ घालताना, झोपेतसुद्धा माझा तळवा तिच्या मानेखाली असायचा. एका सकाळी तिनं डोकं वर उचललं आणि माझ्याकडे बघितलं, तेव्हा मला आनंद झाला आणि हात एकदम रिकामा वाटला. आता तोच हात पन्नाशीच्या एका माणसाच्या डोक्याखाली होता, आणि अंगातल्या दुधाला वेळेचं भान होतं, माणसांचं नव्हतं. छाती ठणकत होती. शाल पुन्हा ओली झाली. कुणाचं लक्ष नव्हतं आणि मला पर्वा नव्हती.

इंजिनिअर मधूनच गाडी थांबवायला लावून उतरायचा, तळहाताची मागची बाजू प्रत्येक टायरला लावायचा. हवा कमी असली की टायर तापतो. ताप बघितल्यासारखा तो चारही चाकांकडे फिरून यायचा. "सोसतंय," म्हणायचा. एकदा बसता बसता तो हळूच म्हणाला, की ताई, तुमच्या जागेवर बसल्यावर कळलं, चार गुणसुद्धा तुम्ही दयेनं दिले होते.

सुकं तळं ओलांडलं तेव्हा साडेपाच वाजले होते. डाव्या हाताच्या मुंग्या आता कोपरापर्यंत आल्या होत्या. अंगठा हलत होता, पण सांगितल्यावर लगेच नव्हे. मध्ये एक क्षण जायला लागला होता.

समोर करवत.

वस्तादांनी इंजिन चालू ठेवून हातब्रेक ओढला आणि ते इंजिनिअरकडे वळले. मग ते म्हणाले, "मला इथून दगड दिसतो. टायरचा गाल दिसत नाही. तो तुला दिसेल. पुढे चाल आणि हातानं दाखव."

तीस वर्षांत पहिल्यांदा!

इंजिनिअर गाडीपुढे उलटा चालायला लागला, गाडीकडे तोंड करून, नजर फक्त टायरांवर. जिथे चिपांना चुकवता येणार नाही तिथे घालायला छपरावर बांधून आणलेली मागच्या बाकाची गादी आणि पायपुसण्या होत्या, पण त्या उचलून पुन्हा पुढे आणायला आणखी एक माणूस लागणार होतं. वहिनीनं नवऱ्याच्या पायांवरून हात फिरवला आणि उतरली. जाताना मला म्हणाली, "तुम्ही बघा. अंगठा."

पन्नास पावलं. शंभर. इंजिनिअरचा हात डावीकडे, उजवीकडे, थांब. वहिनी गादी उचलून धावत पुढे. दगडाची पाती चाकांच्या दोन्ही बाजूंना वितीवर. दोनशे. तीनशे. पेला माझ्यापासून दोन हातांवर होता, पाणी एका बाजूला कललेलं, काठाला टेकलेलं. मी अंगठा म्हणायचे. तो हलायचा. चारशे.

"शिट्टी," हवामानवाले अचानक म्हणाले.

मला काहीच ऐकू आलं नाही. बाहेर एवढा वारा घोंघावत होता.

"बाहेरचा वारा नाही. मागे, उजवीकडे. बारीक फटीतून सुटतोय."

तेवीस वर्षं वारा ऐकलेला माणूस! मी ओरडून वस्तादांना सांगितलं. गाडी थांबली. इंजिनिअर धावत मागे गेला. मागच्या उजव्या टायरच्या गालावर बोटभर लांबीचा काप पडला होता, आणि त्यातून उरलीसुरली हवा जात होती. गाडीचा तो कोपरा बसत चालल्याचं मला जाणवलं, आणि मी हवामानवाल्यांचं डोकं त्या उताराबरोबर वळू नये म्हणून दोन्ही बाहूंत धरलं.

"अंगठा," मी म्हटलं.

अंगठा हलला नाही.

"अंगठा हलवा हो."

नाही. पावलं समोर होती, धुळीनं पांढरी झालेली, मातीची असावीत तशी स्थिर. मी वहिनीला हाक मारणार होते, पण काय सांगून? मी त्यांच्या कानाशी वाकले. लेकीला उठवताना कुजबुजते तसं, अगदी हळू म्हटलं, "अहो, ऐकताय ना? एकदाच."

एक. दोन. तीन. आणि मग उजवा अंगठा वाकला. पाठोपाठ डावा.

"शिट्टी ऐकत होतो," ते म्हणाले. "थांबली ती. संपली हवा."

बाहेर स्टेपनीची बोलणी चालली होती. स्टेपनी लावायची तर जॅक लावायला हवा, जॅक लावला की गाडी तिरपी होणार, आणि या दगडात जॅक निसटला तर! वस्तादांनी नकाराची मान हलवली. इंजिनिअर त्या बसलेल्या टायरपाशी उकिडवा बसला होता. त्यानं गालावर अंगठा दाबला, काप तपासला, रिमपर्यंत बोटं घालून पाहिली. मग तो माझ्या खिडकीशी आला.

"गाल दुप्पट आहेत. हवेशिवायसुद्धा तो रिमला जमिनीवर आपटू देणार नाही. दोनशे पावलं उभा राहील. त्या कोपऱ्यावरचं वजन कमी करायला हवं, बस."

ज्या जाडपणाला मी सकाळी चार गुण दिले होते, तोच आता आमच्याकडे उरला होता.

वजन हलवायला माणसं होती. डब्यातलं पाणी ओतून दिलं, हत्यारांची पेटी पुढे डाव्या बाजूला ठेवली, स्टेपनी काढून वाटेतच सोडली. इंजिनिअर पुढे चालणार होता. म्हणून वहिनी गाडीच्या डाव्या पायरीवर चढली, छपराची कड धरून, सगळं अंग बाहेर झोकून. पन्नास किलोची बाई, वाऱ्यात, मोडलेल्या फांदीसारखी लोंबत!

गाडी हलली. मेलेला टायर दगडावर चढताना लगदा मळल्यासारखा आवाज करत होता. पण तो उभा होता! हिसका खालून यायचा आणि गालात अर्धा विरायचा. उरलेला माझ्या कोपरांत. पाचशे. इंजिनिअरचा हात वर, थांब, डावीकडे, आणखी, ये. साडेपाचशे. पेल्यातलं पाणी काठावर येऊन तिथेच थरथरत राहिलं. सांडू नकोस, मी त्याला म्हणत होते, माझ्या लेकीची शपथ, सांडू नकोस.

सहाशे.

काळे दात मागे पडले. पुढे पुलापर्यंत मातीची वाट होती, आणि तीन किलोमीटरांवर एक पिवळा दिवा फिरत होता.

रुग्णवाहिकेशी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या होत्या. त्यांनी आधी मानेला पट्टा लावला आणि मगच मला हात काढायला सांगितलं. माझे हात निघेनात. त्यांनी एकेक बोट सोडवलं. मग त्या पावलांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "हलवा बघू." दोन्ही अंगठे हलले, मध्ये तो एक क्षण जाऊन, पण हलले. वहिनी मागच्या दारातून आत चढली. तिनं माझी ओली शाल खांद्यावर नीट केली आणि दार लावून घेतलं.

दिवा वळणाआड गेल्यावर आम्ही तिघं गाडीकडे वळलो. मागचा उजवा टायर रिमवर चिंध्यांसारखा लोंबत होता. इंजिनिअर त्याच्यापाशी बसला आणि त्यानं खिशातली चार सीलं काढून पुन्हा खिशात ठेवली.

वस्तादांनी डॅशबोर्डवरच्या कड्यातून पेला काढला. पाणी काठापासून तीन बोटं खाली होतं. म्हणजे चाळीस किलोमीटरांत एक बोट गेलं होतं. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"पी," ते म्हणाले. "अंगावर पाजणाऱ्या बाईनं दिवसभर थेंब घेतलेला नाही."

चाचणीचं पाणी कुणी प्यालेलं आमच्या विभागात आजवर ऐकिवात नव्हतं. मी प्याले. कोमट होतं, धुळीची चव होती. अर्धं ठेवून मी पेला इंजिनिअरकडे दिला. तो प्याला आणि त्यानं तळ वस्तादांसाठी ठेवला.

सोमवारच्या बैठकीत दुसऱ्या गटाचा टायर निवडला गेला. अहवालात इंजिनिअरनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, की सील चाचणी करणाऱ्यांनीच फोडल्यामुळे चाचणी रद्द. नंतर कितीतरी दिवस तो जेवणाच्या सुट्टीत एकटाच बसायचा. गाल दोन थरांचा करता येईल का, आतला जाड आणि बाहेरचा मऊ, असं काहीतरी आता तो नव्यानं आखतो आहे. मला विचारतो, ताई, सहा मिळतील का? मी म्हणते, बसवून बघ. पंप मात्र आता प्रत्येक गाडीत असतो. वस्तादांनी हट्टानं ठेवायला लावला.

पण हे सगळं पुढचं. त्या रात्री कारखान्याच्या दुसऱ्या गाडीनं मी घरी पोचले तेव्हा सासूबाई दारातच होत्या. एक दिवस आधी कशी आलीस, हे त्यांनी विचारलं नाही, कारण माझ्याआधी फोन पोचला होता. वहिनीचा, कारखान्यातून नंबर घेऊन केलेला. शस्त्रक्रियेला नेलंय, नेताना दोन्ही अंगठे हलत होते, आणि त्या पेलाबाईंना सांगा, एवढंच तिनं सांगितलं होतं. सकाळी दुसरा फोन यायचा होता आणि तो चांगलाच आला, पण तेव्हा ते मला ठाऊक नव्हतं.

लेक झेपावली. मी तिला घेतलं, छातीशी धरलं, आणि माझा तळवा आपोआप तिच्या मानेखाली गेला.

"अगं, काय हे," सासूबाई म्हणाल्या. "पाच महिने झाले तिनं मान धरून."

"हो," मी म्हटलं, आणि हात तिथेच ठेवला.